वारस, वाडा आणि मे महिन्यातला गराडू

प्रश्न : ताई, मी पहिलीच कादंबरी लिहिते आहे, विनोदी खूनकथा. रामबागेतला जुना वाडा. आप्पांना कुणीतरी रात्रीच्या दुधातून विष देतं. मृत्युपत्रात अट निघते, की सलग चाळीस दिवस वाड्यात राहून दाखवील त्याला वाडा. तिघे भाऊ बायकामुलांसकट येतात आणि एकमेकांना हुसकावायला लागतात. भिशीत वाचून दाखवलं तर सगळ्या पोट धरून हसल्या, पण खुनी कोण, हे एकीनेही विचारलं नाही. आत्या दोघी लग्न होऊन गेलेल्या, त्यांना हक्क नाही, म्हणून संशयितही तिघेच. काय करू? — एक वाचक, इंदूर

उत्तर : आधी आत्यांना माहेरी बोलवा. लग्न झालं म्हणून मुलीचा हक्क जात नाही. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यात वडिलांच्या मालमत्तेला मुलगी मुलाच्या बरोबरीने पहिल्या वर्गातली वारस आहे. वाडा आप्पांच्या कमाईचा असेल तर ते तो कुणालाही लिहून देऊ शकतात, हे खरं. पण मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि त्याही आप्पांच्या समोर केलेल्या. त्यातला एक साक्षीदार त्या दिवशी उज्जैनला लग्नात होता असं निघालं, की मृत्युपत्र कोसळलं आणि वाड्याचे वाटे तीनाचे पाच झाले. म्हणजे मृत्युपत्र टिकावं असं भावांना वाटणार आणि पडावं असं आत्यांना. संशयित पाच झाले, आणि पाचही जणांकडे कारण आहे.

आता मैत्रिणींनी खुनी का विचारला नाही ते सांगते. तुमच्या कथेत तो सापडला काय, न सापडला काय, कुणाचंच काही बिघडत नाही. याच कायद्याचं कलम २५ वाचा. ज्याने खून केला, किंवा खुनाला मदत केली, त्याला मेलेल्या माणसाच्या मालमत्तेत वारसा मिळत नाही. तो आधीच मेला होता असं धरून वाटणी होते. म्हणजे एक भाऊ खुनी ठरला की बाकीच्यांचे वाटे वाढणार! मग वाड्यातला प्रत्येक जण हातात टॉर्च घेऊन दुसऱ्याच्या खोलीत पुरावा शोधत हिंडेल. हसूही तिथूनच येईल आणि ‘कोण?’ हा प्रश्नही.

प्रेतावर मात्र हसवू नका. आप्पांचं मरण खरं वाटू द्या, झोपाळ्यावरचा रिकामा तक्क्या एकदा तरी नीट दाखवा. हसू लोभाचं असावं. मी इथल्या कोर्टात अठ्ठावीस वर्षं वाटणीचे दावे चालवले. एका घरात जमिनीची वाटणी दोन तारखांत झाली आणि पितळी पुरणयंत्रावर सगळं अडलं. थोरल्या जावेने यंत्र नेलं होतं, धाकटीने त्याची मूठ. पाच होळ्या दोन्ही घरांत पुरण पाट्यावर वाटलं गेलं, पण मूठ कुणी दिली नाही. असं एखादं भांडं तुमच्या वाड्यातही शोधा.

धागेदोरे इंदूरचेच घ्या. सराफ्यात दिवसा सोनं-चांदी विकतात आणि रात्री दुकानांची शटर पडली की त्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात. धाकटे काका पोलिसांना म्हणू देत, ‘त्या रात्री मी सराफ्यात गरम गराडू खात होतो, वर जीरावण मसाला, लिंबू.’ आणि आप्पा गेले मे महिन्यात. गराडू म्हणजे तळून खायचा कंद, आणि तो थंडीतला! इंदूरचा वाचक तिथेच थबकेल. पुण्याचा किंवा नागपूरचा मात्र पुढे निघून जाईल, आणि शेवटी आपल्याला फसवलं म्हणेल. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात आत्याच्या तोंडून सहज येऊ द्या, की यंदा मी दिवाळीनंतर येते, म्हणजे गराडू तरी खायला मिळेल.

एक बारीकशी गोष्ट. कथा आजची असेल तर फौजदाराच्या तोंडी ‘तीनशे दोन’ घालू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात खुनाच्या शिक्षेचं कलम १०३ आहे. जुन्या हवालदाराच्या तोंडून सवयीने ‘तीनशे दोन’ निघालं तर चालेल, पण पंचनाम्यात नको.