एकाच जिल्ह्यातल्या दोन समाजांना एकमेकांच्या चालीरीती अनैतिक का वाटतात?

तुम्ही लिहिलंय की नंदुरबार जिल्ह्यातच शहाद्याहून बदली होऊन सातपुड्यातल्या धडगावला आलात, डब्याच्या सुट्टीत सहकारी इथल्या आदिवासींबद्दल 'या लोकांना नीतीच नाही' म्हणतात, ते ऐकवत नाही आणि उत्तरही सुचत नाही. मी अमळनेर तालुक्यातला, माळकरी घरातला. सातपुड्यात अकरा वर्षं शाळेवर होतो. पहिली दोन वर्षं मीही तुमच्या सहकाऱ्यांसारखंच बोलत होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

माझं अडलं होतं देजावर. तिथल्या पावरा या आदिवासी समाजात लग्न ठरलं की मुलाकडचे मुलीच्या बापाला देज देतात. सुट्टीत घरी गेल्यावर हे मायला सांगितलं, तर ती ताडकन म्हणाली, "आंडेर ईकतस त्या!" मलाही ते पटलं. पोटच्या पोरीचा भाव ठरवायचा, याहून हीन काय?

मग एका वर्षी होळीच्या आधी भोंगऱ्या बाजारातून परतताना एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी विचारलं, "गुरुजी, तुमच्यात पोरीचा बाप पोर पण देतो आणि वर पैसे पण देतो, खरं का?" मी हो म्हणालो. ते चालता चालता थांबले. "एवढी जड होते का पोर त्याला?" मायच्या आवाजात जी किळस होती, तीच त्यांच्या चेहऱ्यावर होती. त्यांच्या लेखी मुलगी म्हणजे रानात आणि घरात राबणारे दोन हात. ती ज्यांच्या घरी जाते त्यांनी तिच्या माहेराचं देणं मानायलाच हवं, नाहीतर तिला फुकटात नेल्यासारखं होईल. अहिराणीत मुलगी आंडेर, मुलगा आंडोर. मायच्या हिशेबी ते आंडेर विकणारे, आजोबांच्या हिशेबी आम्ही आंडोर विकणारे. मधे फरक एका कान्याचा.

असं का होतं, याचा एक तुकडा मला ॲडम वेट्झ, लियान यंग आणि जेरेमी गिंजेस यांच्या २०१४ च्या अभ्यासात सापडला. त्यांनी अमेरिकेतल्या दोन पक्षांचे समर्थक, तसंच इस्रायली आणि पॅलेस्टिनी लोक यांना विचारलं, की या संघर्षात तुमची बाजू कशापोटी वागते आणि समोरची कशापोटी? सगळीकडे उत्तराचा साचा एकच निघाला: आम्ही आपल्या माणसांवरच्या प्रेमापोटी, ते द्वेषापोटी. आमच्या वादात द्वेष नव्हता, पण साचा तोच होता. हुंडा देणारा बाप आम्हाला लेकीच्या सुखासाठी झिजणारा दिसायचा आणि देज घेणारा बाप लोभी. आपल्या रूढीकडे आपण आतून, हेतूसकट बघतो. दुसऱ्याच्या रूढीत फक्त हातातले पैसे दिसतात.

दुसरा तुकडा आपल्याच देशातला आहे. रिचर्ड श्वेडर, मनमोहन महापात्रा आणि जोन मिलर यांनी भुवनेश्वर आणि शिकागो इथल्या लोकांपुढे बऱ्याच वागणुकी ठेवून त्यातलं काय किती वाईट, ते विचारलं. त्यांचं काम १९८७ मध्ये छापून आलं. एक प्रसंग असा: वडील वारल्याच्या दुसऱ्याच दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली. भुवनेश्वरच्या लोकांना हे घोर पाप वाटलं, शिकागोवाल्यांना त्यात गैर काहीच दिसेना. खानदेशात गंधमुक्तीपर्यंत सुतक पाळलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. पण नीट बघा, बापाला दुखवू नये हे शिकागोतही मान्यच आहे. प्रश्न एवढाच, की मेलेल्या बापाला त्रास होऊ शकतो का? पुष्कळ भांडणं दुखवावं की नाही यावर नसतातच. कोण दुखावलं जातंय, याची दोन्हीकडची मोजदाद वेगळी असते.

म्हणून मी 'असं का करता' हे विचारणं सोडलं. त्या प्रश्नाला आरोपाचा वास येतो आणि माणूस ढाल पुढे करतो. त्याऐवजी विचारतो, 'असं नाही केलं तर काय बिघडेल?' मग समोरचा आपली भीती सांगतो. त्या भीतीवर निदान बोलता तरी येतं. डब्याच्या सुट्टीतही हाच प्रश्न विचारून बघा, पण आधी हुंड्याबद्दल.

याचा अर्थ सगळंच बरोबर, असं मी म्हणत नाही. हुंड्यावर १९६१ पासून कायद्याने बंदी आहे, आणि तरी आमच्याकडे मानपान, हौस अशी नावं बदलून तो चालतो. मी त्याला गुन्हाच म्हणतो. देज परत करावं लागेल या धाकाने मारकुट्या नवऱ्याकडे राहिलेली बाईही मी पाहिली आहे, आणि तेही मला मान्य नाही. पण हे दुसरं बोलायचा हक्क मला पहिलं कबूल केल्यावरच मिळाला. त्या आजोबांनीच नंतर देजाच्या अशाच एका वादाच्या बैठकीत मला शेजारी बसवून घेतलं.

आजोबांचा प्रश्न मी मायलाही सांगितला होता. ती निवडत असलेलं धान्य तसंच ठेवून बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मना लगीनले बापनी दोन बिघा वावर ईकं." हे मला तोवर माहीत नव्हतं. देजाबद्दलचं मत तिने बदललं नाही. पण 'आंडेर ईकतस' हे त्यानंतर तिच्या तोंडून मी ऐकलं नाही.