'किस्सा' मराठी आहे का, आणि 'किस्स्यांचं' की 'किश्शांचं'?

तासगावकडच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचे आजोबा ८२ वर्षांचे आहेत, घरात वर्षानुवर्षं जे किस्से सांगत आलेत ते ताई वहीत उतरवून घेतायत आणि त्याचं छोटं पुस्तक करून पाहुण्यारावळ्यांत वाटायचं म्हणतायत. वर नाव घातलं 'आमच्या आजोबांचे किस्से', तर गावातल्या एका गुरुजींनी सांगितलं की किस्सा हा उर्दू-हिंदी शब्द आहे, शुद्ध मराठीत 'आठवणी' नाहीतर 'प्रसंग' लिहा. आणि दुसरा प्रश्न, आतमध्ये लिहिताना 'किस्स्यांचं' लिहायचं, 'किश्श्यांचं' का 'किश्शांचं'?

ताई, किस्सेच ठेवा. कारण सांगतो, थोडं लांबेल पण विषयच तसा आहे.

शब्द मूळचा अरबी हे खरं, फारशीतून आपल्याकडं आला हेही खरं. पण त्या हिशोबाने ज्या कागदावर तुम्ही पुस्तक छापणार तो कागद, शाई, ज्या दुकानात छापणार ते दुकान, आणि हा मी आत्ता लिहिलेला 'हिशोब' सुद्धा बाहेर काढावा लागेल. गुरुजींनी सुचवलेला 'प्रसंग' संस्कृतातला आहे बरोबर, पण आपण म्हणतो 'प्रसंग गुदरला', त्यातलं ते गुदरणं परत फारशीच. एवढं एकमेकांत मिसळलंय की सोडवायला गेलं तर भाषाच उसवेल. आणि शब्द आपला झाला की नाही हे कुठनं आला यावरनं ठरवायचं नसतं, तो आपल्या घरात कसा वागतो यावरनं ठरवायचं. अरबीत हा शब्द स्त्रीलिंगी आहे. फारशीत लिंगाची भानगडच नाही. मराठीत येऊन तो आंबा, ससा, घसा यांच्या पंगतीला बसला, पुल्लिंगी झाला, त्याचं अनेकवचन 'किस्से' झालं, विभक्ती लागताना 'स'चा 'श' व्हायला लागला. आता याहून जास्त मराठी ते काय व्हायचं.

त्या अरबी धातूचा अर्थ मला फार आवडतो म्हणून सांगतो. त्याचा एक अर्थ आहे कुणाच्या तरी पाऊलखुणांवरनं माग काढत जाणं. एक पाऊल, मग दुसरं, मग तिसरं. सांगणं हा अर्थ त्यातनंच आला. म्हणजे जे घडलं त्याच्या पावलांवर पाऊल ठेवत परत चालून जायचं आणि ऐकणाऱ्याला बरोबर न्यायचं. हे डोक्यात ठेवा, पुढं परत लागणार आहे.

आता खरा मुद्दा. आठवण, प्रसंग, किस्सा हे एकाच अर्थाचे तीन शब्द नाहीतच. त्यांच्या मागे कुठलं क्रियापद लागतं ते बघा, लगेच कळतं. आठवण येते, आठवण काढतात. प्रसंग येतो, ओढवतो, बाका असतो. यात समोर कोणी ऐकणारा असलाच पाहिजे असं काही नाही, बांधावर एकट्याला बसल्या बसल्या आठवण येऊ शकते. किस्सा तसा एकट्याला येत नाही. किस्सा सांगतात, ऐकवतात, रंगवतात, आणि समोरची मंडळी म्हणतात 'आप्पा, तो बैलाचा किस्सा सांगा की'. म्हणजे तो आधी ऐकलेला असतो! तरी परत पाहिजे असतो. माझ्या मते किस्सा या शब्दाचं सगळं मर्म इथं आहे, की तो पुन्हा सांगितला जातो आणि पुन्हा मागितला जातो. एकदा सांगून संपलं तर ती माहिती झाली.

हल्लीची कॉलेजची पोरं आली की म्हणतात 'आज लई मोठा किस्सा झाला'. अजून सांगितलेला पण नसतो, घडून दहा मिनिटं झालेली असतात, तरी त्यांना कळलेलं असतं की हे आता सांगायचंय, आणि बरेच दिवस सांगायचंय. शब्द त्यांनी अगदी बरोबर वापरलाय.

'गोष्ट' का नाही असं कुणी म्हणेल. गोष्ट हा शब्द 'गोष्ठी'वरनं आला, म्हणजे मुळात चार माणसं बसून बोलणं, म्हणून जुन्या माणसांच्या तोंडी 'गोष्टी करत बसलोय' असं यायचं. आता मात्र गोष्ट म्हटलं की राजा-राणी, कोल्हा-करकोचा पण चालतात, ती घडलेली असायला लागत नाही. किस्सा कुणाचा तरी असावा लागतो, कुणाच्या तरी अंगावरनं गेलेला. 'हकीकत' त्याच्या उलट टोकाला, तिचा मूळ अर्थच खरेपणा, आणि मराठेशाहीच्या कागदांत हकीकत म्हणजे जे घडलं ते क्रमवार लिहून कळवलेलं. हकीकतीत पदरचं काही घालायचं नसतं. किश्शात थोडं घातलेलं चालतं, ऐकणाऱ्यालाही ते माहीत असतं आणि तो हरकत घेत नाही.

पण एक जागा आहे जिथं किस्सा हा शब्द चालत नाही आणि ती फार महत्त्वाची आहे. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. पाटणकडचे आमचे एक पाहुणे आहेत, ते तेव्हा दहा-बारा वर्षांचे होते. त्या पहाटेचं ते बोलतात, कोण गेलं, थंडीत उघड्यावर कसे बसलेले, तेव्हा त्यांचा आवाज खाली जातो आणि तुम्ही त्याला किस्सा म्हणालात तर त्यांना लागेल, आणि लागायलाच पाहिजे. ती आठवण. मग जरा थांबून तेच पाहुणे सांगतात की त्यांचे चुलते घरातनं बाहेर पळाले, आंगणात आले, आणि काय डोक्यात आलं कुणाला ठाऊक, परत फिरले आणि दाराला कडी लावून वरनं कुलूप घातलं, किल्ली कनवटीला लावली. मागची भिंत आख्खी पडलेली! समोरच्या दाराला कुलूप. हे सांगताना ते स्वतः हसतात आणि पुढचं वाक्य सगळे मिळून म्हणतात, 'किल्ली अजून हाय'. हा किस्सा. एकच पहाट, एकच माणूस सांगणारा, पण दोन शब्द लागतात, आणि मराठी बोलणाऱ्याला कुठं कुठला लागतो ते कुणी शिकवलेलं नसतं.

कधी कधी याला वेळ पण जावा लागतो. २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, ते वर्ष-दोन वर्षं कुणी हसून बोलत नव्हतं. आता कुठं लग्नात जेवणं झाल्यावर एखादा सुरू करतो, म्हैस जिन्यानं वर नेली पण पाणी उतरल्यावर ती खाली यायलाच तयार नाही, मग गादी अंथरली, पेंड दाखवली. म्हशीला जिना चढता येतो पण उतरायचा धीर होत नाही हे गोठ्याच्या माणसाला माहीत असतं, तरी सगळे कान देऊन ऐकतात. नुकसान कुणी विसरलेलं नाही. पण त्यातला एक तुकडा सुटा होऊन किस्सा झालाय.

आता आमच्या घरातला एक सांगतो, कारण नुसत्या व्याख्येनं हे कळत नाही.

आम्ही वाळवा तालुक्यातले. आप्पांनी, म्हणजे आमच्या आजोबांनी, सांगलीतनं ट्रान्झिस्टर घेतला. सांगलीचं आकाशवाणी केंद्र १९६३ ला सुरू झालं, त्याच्यानंतर लवकरच कधीतरी. नवीन टॉवेलात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून आणला. संध्याकाळी सोप्यात सगळे जमले, आजी चुलीपुढनं उठून उंबऱ्यात येऊन उभी राहिली, आप्पांनी टॉवेल सोडला, बटण फिरवलं, आणि आतनं माणूस बोलायला लागला तो कानडीत. काटा धारवाडवर होता. कुणालाच काही सुधरेना. आणि आजी म्हणाली, 'आवं, हे कानडी हाय. म्हागारी द्या आन् मराठी बोलणारा आणा.'

हे आप्पांचं. आणि इथं दरवेळी आजी मध्ये पडायची, 'म्या म्हागारी द्या म्हणलंच न्हाई. म्या म्हणलं, कानडी मुलखातनं आलाय, दमला आसंल, उद्या बोलंल मराठी.' झालं, मग दोघांचं जुंपायचं, आणि आम्हा पोरांना तेवढ्यासाठीच तो किस्सा पाहिजे असायचा.

मी मोठा होईस्तोवर सोप्यात जमलेली माणसं दहाची चाळीस झाली, मग आख्खी आळी झाली. त्याला आमचं काही म्हणणं नव्हतं. पण एकदा आप्पा घाईत होते आणि त्यांनी टॉवेल गाळला, थेट बटणावर आले, तर माझी धाकटी बहीण ओरडली, 'टॉवेल ऱ्हायला!' आणि आप्पा मागं गेले, परत एसटीत बसले, परत मांडीवर घेतला, परत सोडला. वर ते पाऊलखुणांचं सांगितलं ना, ते हेच. माणसं वाढवली तर चालतात, पाऊल चुकलेलं चालत नाही.

आजी गेल्यावर आप्पा तो किस्सा बरेच दिवस सांगत नव्हते. नंतर सांगायला लागले तेव्हा आजीच्या जागेवर थांबायचे. आणि मग स्वतःच आजीचं वाक्य म्हणायचे, दमला आसंल, उद्या बोलंल मराठी. आपलं वाक्य त्यांनी सोडून दिलं. आता आप्पाही नाहीत, आमची चुलती सांगते आणि आजीचंच वाक्य सांगते, नातवंडांना दुसरं वाक्य होतं हे माहीतच नाही. म्हणून मी ते इथं लिहून ठेवलं.

तर हे 'आठवण' या शब्दात कसं बसवणार? चुलती लग्न होऊन घरात आली तेव्हा रेडिओला दहा वर्षं झालेली, तिला त्याची आठवण असायचं कारणच नाही. पण किस्सा तिचा आहे. आठवण माणसाबरोबर जाते, किस्सा वारशानं मिळतो, आणि तुम्ही पुस्तक करताय ते नेमकं हे करताय.

जाता जाता सांगण्याच्या रीतीचे शब्द पण टिपून ठेवा, आजोबांच्या तोंडी येत असतील. कुणी वाढवून सांगितलं की तिखटमीठ लावलं, लांबण लावली की चऱ्हाट लावलं. आणि आपल्या ऊसपट्ट्यातला खास म्हणजे 'गुऱ्हाळ लावलंय'. हा शब्द आता पेपरात चर्चेचं गुऱ्हाळ म्हणून टीका करायला वापरतात, पण ज्यानं खरं गुऱ्हाळ बघितलंय त्याला ठाऊक आहे की रस काहिलीत घातल्यावर उकळून गुळाला येईपर्यंत घाई करून चालत नाही, गुळव्याचं सगळं लक्ष काहिलीत, बाकीचे चुलवाणापाशी चिपाडाच्या जाळाला शेकत बसलेले, आणि रात्र काढायला किश्शांशिवाय दुसरं काय. माझे निम्मे किस्से तिथलेच आहेत, हातात काकवीची वाटी घेऊन ऐकलेले. तेव्हा मला तरी तो शब्द शिवीसारखा वाटत नाही.

आता शुद्धलेखनाचं. मराठी लेखनाच्या नियमांत सरळ आहे, पुल्लिंगी शब्दाच्या शेवटी 'सा' असेल तर सामान्यरूपात त्याचा 'शा' होतो. पैसा-पैशाला, घसा-घशात, खिसा-खिशात, तसं हिस्सा-हिश्शाला आणि किस्सा-किश्शाला. म्हणजे किश्शाचा, किश्शात, किश्शांचं. छापलेलं तुम्हाला 'किश्श्यांचं' पण बरंच दिसेल, बोलताना तिथं 'य' ऐकू आल्यासारखा होतो म्हणून, ते कुणी लिहिलं तर मी भांडणार नाही पण पुस्तकात 'किश्शांचं' ठेवा. 'किस्स्यांचं' नको, तसं आपण बोलतच नाही, कुणी 'पैस्याचं' म्हणतं का? आणि विभक्ती नसेल तिथं 'किस्से'च, 'किश्शे' नाही, जसं पैसे, ससे.

गुरुजींचा शब्द अगदीच टाकू नका मात्र. आजोबांनी बहात्तरच्या दुष्काळाचं किंवा कुणाच्या जाण्याचं खालच्या आवाजात काही सांगितलं असेल तर ते शेवटी वेगळं काढून त्यावर 'आठवणी' असं लिहा, किश्शांच्या रांगेत बसवू नका. आणि एक विनंती, आजोबा सांगत असताना मध्ये कोण काय म्हणतं तेही लिहून घ्या. तुमची आज्जी, आत्या, शेजारचे कुणी. आजोबा 'गप बस गं' म्हणाले असतील तर तेसुद्धा.