कोकणात घराचा ठेका साहित्यासकट द्यावा की नुसत्या मजुरीवर?

गुहागरकडे घर बांधायचंय, राहता ठाण्याला, म्हणून ठेका साहित्यासकट द्यावा की मजुरीवर, असं तुम्ही विचारलंय. काहीही करा, पण जोत्यापर्यंतचं, म्हणजे पाया-चौथऱ्याचं काम चौरस फुटाच्या दराने देऊ नका.

राजापूर तालुक्यातलं आमचं घर दादाने तसंच दिलं होतं. दादा डोंबिवलीला, पैसे त्याचे. साहित्यासकट दिलं की डोक्याला ताप नाही, असं त्याचं म्हणणं. मी बांधकाम खात्यात आयुष्यभर मोजमाप पुस्तकं भरली. जमिनीच्या पोटातलं कोणालाच ठाऊक नसतं, तिथे एकरकमी बोली नको, हे मी कानीकपाळी ओरडत होतो. सरकारी दरसूचीत खोदाईला माती, मुरूम, मऊ खडक, कठीण खडक असे निरनिराळे दर असतात, बी-2 नमुन्याच्या निविदेत बाबवार, म्हणजे प्रत्येक कामाचे वेगळे, दर मागवतात, ते उगाच नाही. दादा म्हणाला, तुझं सरकारी डोकं घरी ठेव.

तीन फुटांवर कातळ लागला. ठेकेदार म्हणे, बोलीत कातळ नव्हता, ब्रेकरचे वेगळे द्या. दादा म्हणे, ठरलं ते ठरलं. खरं दोघांचंही, कारण कागदावर कातळाचा शब्दच नव्हता. महिनाभर काम बंद पडलं आणि पाया भरायच्या आत मृग लागला. चर तुंबले, कडा ढासळल्या. दिवाळीनंतर ठेकेदार परतला, तो झालेला तोटा आमच्या भिंतींतून वसूल करायला. चिरे आले पिवळट, शेडीचे म्हणजे मऊ मातकट, नखाने खरवडलं तरी पूड पडायची. वाळू खाडीची, खारी, न धुतलेली. सातव्या वर्षी पडवीच्या स्लॅबचे पोपडे पडले, आत सळई गंजून फुगलेली.

जोत्यापर्यंत खोदाई आणि बांधकाम मोजून, बाबवार पैसे द्या, कातळाचा दर आधीच लिहून घ्या. पुढे नकाशा पक्का असेल तर मजुरी चौरस फुटाने ठरवा. चिरा, सिमेंट, सळई, वाळू तुम्ही घ्या. हप्ते जोतं, लिंटल (दारं-खिडक्यांवरची तुळई), स्लॅब असे टप्प्यांवर. पाच टक्के रक्कम पहिला पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा, गळती तेव्हाच कळते.

अर्थात गोण्या मोजून घ्यायला गावात विश्वासाचं माणूस हवं. नसेल तर जोत्यावरचं साहित्यासकट द्या, पण चिरा कुठल्या खाणीचा, वाळू कुठली, सळई कुठल्या कंपनीची हे करारात लिहा आणि स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी स्वतःचा इंजिनिअर पाठवा.

दादा आजही म्हणतो, ठेकेदार वाईट निघाला. त्या कागदावर दुसरा कोणीही हेच करता. आणि गावात बघायला माणूस नव्हतं असंही नाही. मी होतो की, त्या जोत्यापासून शंभर पावलांवर.