पिंपल्सच्या ॲडापॅलीन जेलनं चेहऱ्याची सालं निघतात, आग होते. शेजारच्या काकूंनी दिलेली ट्यूब लावली की लाली एका रात्रीत जाते. जेल बंद करू का?

कायमचं बंद करू नका. दोन-चार रात्री जेलला सुट्टी द्या, नुसतं साधं मॉइश्चरायझर लावा.

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं मेडिकल आहे. पिंपल्सच्या जेलनं तोंड भाजलं म्हणून येणाऱ्याला मी पहिलं विचारतो, किती लावता? बहुतेक जण बोटाचं अख्खं पेर दाखवतात, वर प्रत्येक फोडावर वेगळा ठिपका. ॲडापॅलीन फोडापुरतं लावायचं औषधच नव्हे. वाटाण्याएवढं जेल सगळ्या चेहऱ्याला पुरतं, तेही फक्त रात्री. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांची खाच, ओठांचे कोपरे सोडायचे. सालं पहिली तिथंच निघतात.

परत सुरू कराल तेव्हा एकाआड एक रात्र. तोंड धुऊन पूर्ण कोरडं होऊ द्या, आधी मॉइश्चरायझर, मग जेल. "चेहरा आधीच तेलकट, त्यात आणि हे कशाला?" असं सगळेच विचारतात. लावा हो, तेलकट कातडीसुद्धा या औषधानं कोरडी पडते. स्क्रब, लिंबू, मुलतानी माती सध्या बंद. सकाळी सनस्क्रीन. पहिले 2 ते 4 आठवडे चुरचुरतंच, फोडही थोडे वाढल्यासारखे दिसतात. खरा फरक कळायला 8 ते 12 आठवडे लागतात. जेलमध्ये बेंझॉइल पेरॉक्साइडही असेल तर उशीचा अभ्रा पांढराच घ्या, रंगीत कापडावर डाग नाही पडत, रंगच उडतो.

मला काळजी वाटते ती शेजारच्या काकूंनी दिलेल्या ट्यूबची. ती लावली की लाली एका रात्रीत जाते, असं तुम्ही लिहिलंय. तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यातलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. लाली दबते खरी, पण महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, लालसर शिरा दिसायला लागतात, लव वाढते, उलट फोडच येतात. आणि सोडलं की लाली दुपटीनं उसळते. एक-दोनदाच लावली असेल तर आजच थांबवा. बरेच दिवस लावत असाल तर डॉक्टरांना विचारून सोडा. अशी ट्यूब चिठ्ठीशिवाय मागणाऱ्यांना मी नाही म्हणतो, मग ते पुढच्या दुकानात जातात.

डोळे-ओठ सुजले, पाणी भरलेले फोड आले, किंवा दिवस राहिलेत वा तसा विचार आहे, तर जेल लगेच थांबवून डॉक्टरांना भेटा. खाजगीत जमत नसेल तर सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, स्किनची ओपीडी आहे. जाताना दोन्ही ट्यूब बरोबर न्या. "निळ्या झाकणाची पांढरी ट्यूब" एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही.