गावालगतची जमीन आराखड्यात मैदानाला दाखवलीय, आता काय करायचं?

सातारा जिल्ह्यातून एका वाचकाचा प्रश्न आलाय, तो थोडक्यात असा. गाव हद्दवाढीत नगरपालिकेत गेलं. वडिलोपार्जित सव्वा एकर जमीन आहे, दोन भाऊ आणि एक बहीण. आता हद्दवाढ भागाचा प्रारूप, म्हणजे कच्चा, विकास आराखडा (डीपी) आलाय, त्यात २२ गुंठ्यांवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण पडलंय आणि १८ मीटरचा डीपी रोड थेट विहिरीवरून दाखवलाय. शेजारची ९ एकर जमीन, जी एका डेव्हलपरने घेऊन ठेवलीय, ती मात्र शेती झोनमधून निवासी झाली. एजंट रोज दारात येऊन सांगतोय की तुमची जमीन सरकारजमा झाली, मिळतायत तोवर पैसे घ्या आणि विसार पावती करून टाका. हरकतीची मुदत संपायला ११ दिवस राहिलेत.

दादा, आधी एकच सांगतो, त्या विसार पावतीवर सही करू नका. आरक्षण पडलं म्हणजे मालकी गेली असं अजिबात नसतं. सातबारावर नाव तुमचंच आहे, पीक तुम्हीच घेणार, ऊस लावा नाहीतर सोयाबीन करा, कोणी अडवत नाही. अडतं ते फक्त बांधकाम, कारण एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना कायद्याच्या कलम ४६ प्रमाणे परवानगी देताना नगरपालिकेला प्रारूप आराखडासुद्धा विचारात घ्यावा लागतो, म्हणून मैदानाच्या जागेवर तुम्हाला घराचा नकाशा आता मंजूर होणं अवघड. पण हा आराखडा अजून प्रारूप आहे, बदलू शकतो, आणि शेजारी ९ एकरवर वसाहत उभी राहणार असताना तुमचं आरक्षण निघालं तर त्याच जमिनीचा भाव कुठे जाईल याचा विचार करा म्हणजे एवढी घाई कशासाठी चाललीय ते कळेल. आणि बहिणीची सही "नंतर घेऊ" असं एजंट म्हणत असेल तर तेही धोक्याचं आहे, वडिलोपार्जित जमिनीत तिचा हक्क तुमच्या बरोबरीचा आहे, तिला बाजूला ठेवून व्यवहार केला तर उद्या दावा तुमच्यावर येणार.

आता हरकत. कलम २६ खाली नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवस मिळतात, आणि सगळं पुढचं यावर उभं राहतं. तलाठ्याला सांगितलं, नगरसेवकाच्या कानावर घातलं, याला काही अर्थ नाही, लेखी पाहिजे आणि आपल्या प्रतीवर आवक नंबर, तारीख, शिक्का पाहिजे. हरकत द्यायच्या आधी नगर रचना विभागात जाऊन तुमच्या गटाचा पार्ट प्लॅन, म्हणजे आराखड्याच्या नकाशातला तुमच्या जमिनीपुरता भाग, मागून घ्या, सोबत सातबारा, गटाचा नकाशा आणि मोजणी झालेली असेल तर मोजणीची प्रत न्या. टेबलावर पार्ट प्लॅन आणि गटाचा नकाशा शेजारी शेजारी ठेवा आणि आरक्षणाचा नंबर शोधून आराखड्याच्या अहवालातल्या यादीशी जुळवा, कारण यादीत एक गट आणि नकाशात रंग भलत्याच गटावर असं होतं, आणि सापडलं तर तो मुद्दा पहिल्या परिच्छेदात लिहा.

त्याहून महत्त्वाचा कागद म्हणजे सध्याच्या जमीन वापराचा नकाशा. आराखडा आखायच्या आधी कलम २५ प्रमाणे तो करावाच लागतो, आणि त्यात तुमची विहीर, गोठा, राहतं घर आहे का ते डोळ्यांनी बघा. तुम्ही लिहिलंय की विहिरीवर मोटारीचं वीज कनेक्शन आहे. मग लाइट बिल, सातबारावरची विहिरीची नोंद आणि फोटो जोडा, नकाशात ती जागा मोकळी दाखवली असेल तर रस्ता चुकीच्या माहितीवर आखलाय असं ठामपणे म्हणता येतं. "आमच्यावर अन्याय झाला" एवढंच लिहिलेल्या हरकती, त्या ऐकणारी नियोजन समिती पटापट निकाली काढते. रस्ता किती मीटर सरकवला तर विहीर वाचते, मैदानासाठी जवळ कुठली सरकारी पड जमीन आहे, हे गट नंबर टाकून लिहा.

शेजारच्या ९ एकरबद्दल राग येणं साहजिक आहे पण पैसे खाल्ले वगैरे हरकतीत लिहू नका, पुरावा नसेल तर ते तुमच्याच अंगावर येतं. मुद्दा असा मांडा की इतकी जमीन निवासी केल्यामुळे लोकसंख्या वाढणार, मैदानाची गरज त्यातून निर्माण होतेय, मग भार छोट्या शेतकऱ्यावर का, झोन बदलण्यामागे नियोजनाचं कारण काय. लेआउटमध्ये १० टक्के मोकळी जागा सोडावी लागतेच असं उत्तर मिळेल, पण ती त्या लेआउटच्या रहिवाशांसाठी असते, गावाच्या मैदानाची जागा ती घेत नाही.

नंतर नियोजन समितीची सुनावणी होते, तिला तिघांनी जा आणि लेखी म्हणणं पुन्हा द्या. तिथून आराखडा बदलांसह शासनाकडे मंजुरीला जातो. आत्ताच हायकोर्टात जायचं का असं विचारलंय, माझं मत नाही, प्रारूप असताना गेलं की बहुतेक वेळा आधी हरकत द्या हेच ऐकावं लागतं आणि खर्च तुमचा होतो. पण हरकत न देता पुढे कधी कोर्टात गेलात तर तेव्हा का गप्प बसलात हा पहिला प्रश्न येणार.

समजा आरक्षण राहिलंच. तरी फुकट कोणी घेऊ शकत नाही, कलम १२६ मध्ये वाटाघाटीने रक्कम, टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा भूसंपादन असे रस्ते आहेत. टीडीआरला पटकन हो म्हणू नका, मोठ्या शहरात त्याला गिऱ्हाईक आहे, तुमच्या गावात तो विकत घेणारा बिल्डर नसेल तर हातात नुसता दाखला राहतो. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही तर कलम १२७ ची नोटीस देता येते, त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची खरी पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द झालं असं धरलं जातं. नुसता ठराव करून प्रस्ताव पाठवला म्हणजे पाऊल उचललं असं होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने गिरनार ट्रेडर्सच्या २००७ च्या निकालात सांगितलंय. पण ही फार लांबची गोष्ट झाली. उद्या सकाळी पार्ट प्लॅनचा अर्ज टाका, आणि हरकतीवर बहिणीचीही सही घ्या.