इटालियन संगीतकार व्हेर्दीचे सुरुवातीचे ऑपेरा इटलीबाहेर कितपत चालले?

प्रेक्षकांत चालले, समीक्षकांत कमी. 'नाबुको' मिलानमध्ये मार्च 1842 मध्ये आला आणि एप्रिल 1843 मध्ये व्हिएन्नाला पोहोचला. तिथे खुद्द व्हेर्दीने वाद्यवृंदाचं संचालन केलं.

लंडनमध्ये मात्र अडचण वेगळीच होती. बायबलमधली पात्रं रंगमंचावर आणायला परवानगी नव्हती, म्हणून 1846 मध्ये तोच 'नाबुको' 'निनो' या नावाने झाला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये 'एर्नानी'लाही नाव बदलावं लागलं, कारण मूळ नाटककार व्हिक्टर ह्यूगोने हरकत घेतली. तिथे तो 'इल प्रोस्क्रित्तो' झाला. त्या काळच्या जाहिराती किंवा वृत्तपत्रं चाळताना ही बदललेली नावंही शोधा, नाहीतर प्रयोग झालेच नाहीत असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

लंडनच्या 'अथेनियम' या साप्ताहिकाचा समीक्षक हेन्री चोर्ली व्हेर्दीचा कडवा टीकाकार. पितळी वाद्यांचा गोंगाट आणि गळ्यावर येणारा ताण, हे त्या काळच्या टीकेतले नेहमीचे मुद्दे. माझ्या मते ताणाचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता. 'नाबुको'तली अबिगाइलेची भूमिका आजही भल्याभल्या गायिकांना जड जाते.

खास लंडनसाठी लिहिलेला 'इ मास्नादिएरी' (जुलै 1847) मुख्य भूमिकेत प्रसिद्ध गायिका जेनी लिंड आणि प्रेक्षकांत राणी व्हिक्टोरिया असूनही टिकला नाही. उपासमारीने खंगलेल्या म्हाताऱ्याच्या भूमिकेत अवाढव्य देहाचा गायक लाब्लाश होता, तेही नडलं. त्याच वर्षी पॅरिस ऑपेरासाठी 'इ लोंबार्दी' या व्हेर्दीच्याच आधीच्या ऑपेराचं फ्रेंच रूपांतर झालं, 'जेरुसलेम': उत्तर इटलीतल्या लोंबार्डीचे क्रुसेडर (धर्मयुद्धातले योद्धे) फ्रेंच झाले, आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे बॅले घालावा लागला.