आयुष्य जनुकांतच लिहिलेलं असेल तर व्यायाम कशासाठी करायचा?

तुम्ही विचारलंय: वडील आणि त्यांचे धाकटे भाऊ, दोघंही पन्नाशीच्या आसपास हार्ट अटॅकनं गेले. उलट आईची मावशी आयुष्यभर फारशी हलली नाही, तरी त्र्याण्णव वर्षं जगली. मग सगळं जनुकांवरच असेल तर रोज घाम का गाळायचा?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बहुतेक काम साठीपुढच्या माणसांबरोबर. तुमच्या प्रश्नामागे आळस नाही, भीती आहे असं वाटलं, म्हणून सविस्तर लिहिते.

व्यायामाचं नंतर बोलू. आधी रक्तातलं कोलेस्टेरॉल तपासून घ्या आणि वडील-काकांबद्दल डॉक्टरांना स्पष्ट सांगा. घरातल्या पुरुषाला पंचावन्नच्या आत किंवा स्त्रीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल तर डॉक्टर ते अकाली धरतात. एलडीएल, म्हणजे ज्याला ‘वाईट’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल, जन्मापासून वाढवणारा एकाच जनुकातला दोष साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असतो. तो असेल तर कितीही चाललात तरी तेवढ्यानं भागत नाही, औषध लागतं, आणि ते वेळेत सुरू झालं तर खूप फरक पडतो. तुमच्या बाबतीत जनुकांचा विचार खरोखर करायला हवा तो इथे.

आता तुमचा मूळ प्रश्न. डेन्मार्कमध्ये १८७० ते १९०० या काळात जन्मलेल्या जुळ्यांच्या २८७२ जोड्यांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. एकबीज जुळ्यांची जनुकं जवळपास तंतोतंत सारखी असतात, द्विबीज जुळ्यांची इतर सख्ख्या भावंडांइतकीच. दोन्ही प्रकारांत मृत्यूची वयं किती जुळतात हे ताडून पाहिलं की जनुकांचा वाटा काढता येतो. तो निघाला पुरुषांत २६ टक्के, स्त्रियांत २३ टक्के. पुढे २०१८ मध्ये ४० कोटींहून जास्त माणसांच्या वंशावळी तपासल्या गेल्या, तेव्हा तो १० टक्क्यांच्याही खाली आला. कारण मोठं विचार करायला लावणारं आहे. रक्ताचं नातं नसलेल्या सासरच्या माणसांचंही आयुर्मान एकमेकांशी जुळत होतं. माणसं राहणीमान, शिक्षण, सवयी यांत आपल्यासारखाच जोडीदार निवडतात, आणि त्यातून आलेलं साम्य आपण जनुकांच्या खात्यावर टाकत होतो.

हे टक्के वाचताना एक चूक हमखास होते. २५ टक्के म्हणजे तुमच्या आयुष्याचा चौथा हिस्सा ठरलेला आहे, असं नव्हे. माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला तेवढा भाग जनुकांतल्या फरकानं समजावता येतो, एवढाच त्याचा अर्थ. अपघात आणि साथीचे रोग बाजूला काढले तर तो वाढेलही. एकट्या माणसाचं भविष्य त्यातून वाचता येत नाही.

पण उलट बाजूही तुम्हाला सांगायला हवी. ‘व्यायाम करा, दीर्घायुषी व्हा’ हे वाक्य फलकांवर जेवढं ठामपणे लिहिलेलं असतं, तेवढा पुरावा त्याच्यामागे नाही. ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या डबलडेकर बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास मांडला. दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होता. या विषयाची सुरुवातच तिथून मानली जाते. पण याच मॉरिसनी १९५६ मध्ये दोघांच्या गणवेशांची मापं काढली, तर तरुण ड्रायव्हरांच्याही पँटची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी होती. म्हणजे बसल्यामुळे शरीर बिघडलं, की तसं शरीर असलेली माणसंच बैठ्या कामाकडे वळली? आपल्याच निष्कर्षावर असा प्रश्न उभा करणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

तो प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. अमेरिकेत कोच आणि ब्रिटन या दोन संशोधकांनी उंदरांच्या दोन जाती पिढ्यान्‌पिढ्या निवडून तयार केल्या, एक जन्मतःच दमदार धावणारी आणि एक लवकर थकणारी. कुठलंही प्रशिक्षण न देता धावणारी जात बरीच जास्त जगली. २०१५ च्या एका अभ्यासात अशाच उंदरांना मोठेपणी धावायला चाक दिलं, तर त्यांचं आयुष्य वाढलं नाही. त्याच अभ्यासात फिनलंडमधली जुळी भावंडंही होती. एक व्यायाम करणारा आणि एक न करणारा, अशा एकबीज जोड्यांच्या आयुर्मानात फरक दिसला नाही. अर्थात अशा जोड्या मोजक्याच सापडतात, कारण एकबीज जुळ्यांच्या सवयीही सारख्याच असतात.

तुमच्या प्रश्नाला थेट भिडणारा अभ्यास अमेरिकेतला आहे. ६३ वर्षांपुढच्या ५४४६ स्त्रियांच्या हालचाली यंत्रानं मोजल्या आणि २०१२ पासून २०२० पर्यंत त्यांचा माग ठेवला. दीर्घायुष्याशी संबंधित जनुकांवरून प्रत्येकीला गुणही दिले. जास्त हालचाल करणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कमी होतं, जास्त वेळ बसणाऱ्यांत अधिक, आणि जनुकांचे गुण चांगले असोत वा कमी, चित्र तेच राहिलं. नुसतं निरीक्षण असल्यामुळे मॉरिसचा प्रश्न इथेही उरतोच. तरीही ‘घराण्यात आयुष्य कमी, म्हणून व्यायाम फुकट’ या समजाला यातून कुठेही दुजोरा मिळत नाही.

किती जगणार हा प्रश्न जरा बाजूला ठेवला, की पुराव्याची जातच बदलते. इथे प्रत्यक्ष प्रयोग आहेत. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडायचे, एकाला व्यायाम द्यायचा, दुसऱ्याला नाही. तब्येतीची माणसंच व्यायामाकडे वळली असतील, ही शंका मग उरत नाही. बॉस्टनमधल्या एका वृद्धनिवासात सरासरी ८७ वर्षांच्या १०० अशक्त माणसांवर असा प्रयोग झाला, तो १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा आठवडे पायांना वजनांचा व्यायाम दिल्यावर स्नायूंची ताकद दुपटीहून जास्त झाली, चालण्याचा वेग वाढला, जिना चढणं सुधारलं. नुसता पूरक आहार दिलेल्यांना असा फायदा झाला नाही. दुसरा प्रयोग २०१४ चा, ७० ते ८९ वयाच्या १६३५ माणसांवरचा. सुमारे अडीच वर्षांत, ४०० मीटर चालणंही अशक्य होण्याची वेळ व्यायामाच्या गटात ३०.१ टक्के लोकांवर आली, नुसतं आरोग्य-मार्गदर्शन मिळालेल्या गटात ३५.५ टक्क्यांवर. कागदावर फरक लहान दिसतो. मला तो लहान वाटत नाही, कारण त्या पाच टक्क्यांतली माणसं मी रोज पाहते. माझ्याकडे आलेल्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या एका आजींना आपल्याआपण संडासातून उठता येऊ लागलं, त्या दिवशी त्या माझा हात धरून रडल्या होत्या. आयुष्य किती वाढलं हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

अंथरुणाला खिळल्यावर काय होतं तेही सांगते. १९६६ मध्ये डॅलसला विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे झोपवून ठेवलं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तर अंथरुणातल्या त्या तीन आठवड्यांत त्यांचा दम जेवढा गेला होता तेवढा तीस वर्षांच्या वयानंही गेला नव्हता. मग सहा महिन्यांच्या व्यायामानं वयाची ती घट भरून निघाली. पाचच माणसं, हे खरं. पण आजारपणानंतर ‘आता आराम कर’ असं घरचे म्हणतात तेव्हा मला दर वेळी हीच पाच माणसं आठवतात.

जनुकं यातही डोकावतात. क्लोद बुशार या संशोधकांच्या अभ्यासात कुटुंबंच्या कुटुंबं वीस आठवडे सारखाच व्यायाम करत होती. प्राणवायू वापरण्याची क्षमता सरासरी मिनिटाला ४०० मिलिलीटरनं वाढली, पण काहींची जवळजवळ काहीच नाही आणि काहींची एक लिटरहून जास्त. या फरकातला ४७ टक्के भाग आनुवंशिक होता. म्हणून शेजाऱ्याला महिन्यात आलेला दम तुम्हाला तीन महिन्यांतही आला नाही तर खचू नका. ज्यांना फायदा दिसत नव्हता त्यांनी आठवड्यात दोन सत्रं वाढवल्यावर त्यांच्यातही तो दिसल्याचं २०१७ च्या एका अभ्यासात आढळलंय. शिवाय दम वाढला नाही तरी रक्तदाब किंवा साखर सुधारू शकते.

करायचं किती? जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगते: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही असं चालणं, आणि दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम. पासष्टीपुढे तोल सांभाळण्याचे व्यायामही. स्नायूंचा भाग लोक सर्रास वगळतात, तो तुम्ही वगळू नका. घरचा इतिहास पाहता डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा, आणि छातीत दडपण आलं तर लगेच थांबा.

डॉक्टरांनी हो म्हटलं की एक साधी मोजणी करा. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसा, हात छातीवर ठेवा आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. आकडा तारखेसह लिहून ठेवा. तीन महिन्यांनी परत मोजलंत की इथेच कळवा, मी वाट पाहीन.